हिरडा, लोखंड आणि लिंबू : कागदातच घडवायचा काळा रंग

केसांना लावायची मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या किंवा आवळ्याच्या पाण्यात, रात्रभर भिजत ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. सकाळी कढईच्या कडेला जो काळसर थर धरलेला दिसतो, तोच या लेखाचा विषय आहे. वनस्पतीतील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, आणि लोखंड यांची गाठ पडली की निळसर काळा रंग तयार होतो. युरोपात कित्येक शतके दस्तऐवज लिहिण्यासाठी वापरली गेलेली माजूफळाची शाई याच गाठीतून होत असे आणि आंध्र प्रदेशातील श्रीकालहस्तीच्या कलमकारीतील, म्हणजे कापडावर कलमेने चित्रे काढण्याच्या कलेतील, काळी रेषाही अशीच उमटते. फरक इतकाच, की तिथे माजूफळाऐवजी हिरडा असतो आणि लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवलेले असते.

हे दोन घटक बाटलीत एकत्र करून शाई बनवता येते आणि तिची कृती पुढे दिली आहे. परंतु माझ्या मते तसे करण्यात या द्रव्यांचा सर्वांत चांगला गुण वाया जातो. हिरड्याचा काढा फिकट पिवळा असतो, लोखंडाचे पाणी फिकट हिरवट किंवा विटकरी असते आणि काळा रंग ही दोन पाणी भेटतील तिथेच, भेटतील तेव्हाच जन्माला येतो. म्हणून आधी कागदाला हिरडा पाजावा, नंतर त्यावर लोखंडाच्या पाण्याने चित्र काढावे आणि जिथे उजेड हवा तिथे लिंबाने काळा रंग उतरवावा, अशी तीन पायऱ्यांची रीत येथे मांडली आहे. रेखाटन, सुलेखन, ठसेछपाई, पुस्तकांची वेष्टने आणि अस्तराचे कागद अशा अनेक कामांना ती उपयोगी पडते.

हिरड्याचा काढा

सह्याद्रीच्या पट्ट्यात, विशेषतः जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरी भागात, हिरडा गोळा करणे हा अनेक आदिवासी कुटुंबांचा हंगामी उद्योग आहे. तेथून बाजारात येणारा बाळहिरडा म्हणजे कोवळे, सुकवलेले, काळसर फळ होय आणि त्याला औषधासाठी मोठी मागणी असते. आपल्याला मात्र पक्का, पिवळसर तपकिरी, मोठा हिरडा हवा, आणि त्यातही बी काढून टाकलेली साल, म्हणजे हिरडादळ मिळाले तर उत्तम, कारण टॅनिन प्रामुख्याने सालीत असते. सुक्या हिरड्यात साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असल्याने थोडक्या मालात पुष्कळ काम होते. काष्ठौषधींच्या दुकानात तो सहज मिळतो. दुकानात तयार मिळणारे बारीक हिरडाचूर्ण शक्यतो घेऊ नये. ते गाळताना फडके तुंबते आणि काढा गढूळ राहतो.

१०० ग्रॅम हिरडादळ खलबत्त्यात जाडसर कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे. सकाळी ते स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात मंद आचेवर पाऊण ते एक तास ठेवावे आणि पाणी साधारण निम्मे उरले की उतरवून, निवल्यावर, दुहेरी मलमलीतून गाळून घ्यावे. लोखंडी कढई, बिडाचे भांडे, इतकेच काय पण गंजलेली पळीसुद्धा या काढ्याजवळ येता कामा नये, कारण तसे झाले तर आपण ज्या क्षणासाठी एवढी तयारी करतो आहोत तो क्षण भांड्यातच उरकून जातो. गाळलेला काढा मधासारख्या रंगाचा दिसतो आणि बोटाला किंचित चिकट लागतो. शीतकपाटात तो आठ-दहा दिवस टिकतो. पावसाळ्यात त्यावर बुरशी फार लवकर धरते, म्हणून काढा गरम असतानाच दोन-तीन लवंगा ठेचून टाकाव्यात. हिरडा न मिळाल्यास डाळिंबाच्या सुक्या सालींचा काढा चालतो, मात्र त्याचे प्रमाण दुप्पट घ्यावे.

येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण रंगांची छटा तिच्यावर ठरते. सर्व टॅनिन एका जातीची नसतात. हिरडा, आवळा, माजूफळ आणि डाळिंबाची साल यांतील टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळा रंग देते, तर खैराच्या कातातील टॅनिन वेगळ्या घडणीचे असल्यामुळे त्यातून हिरवट, शेवाळी झाक असलेला करडा रंग निघतो. एकाच कागदाच्या अर्ध्या भागाला हिरडा आणि अर्ध्या भागाला काताचे पाणी पाजून त्यावरून लोखंडाची एकच रेषा ओढली, तर ती मध्यावर येताच रंग बदलते. निसर्गचित्रात डोंगर आणि झाडी यांसाठी दोन निरनिराळ्या काळ्या रंगांची गरज असते. ती अशी एकाच कुंचल्यात भागते.

लोखंडाचे पाणी

हे तीन प्रकारे करता येते आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला प्रकार व्हिनेगरचा. साधे, मुलामा नसलेले लोखंडी खिळे किंवा लोहाराकडचा चुरा साधारण २०० ग्रॅम घेऊन तो काचेच्या बरणीत टाकावा आणि वर ५०० मिलिलिटर पांढरे व्हिनेगर ओतावे. चकचकीत पांढरट दिसणाऱ्या खिळ्यांवर जस्ताचा थर असतो. ते वापरू नयेत. बरणीचे झाकण घट्ट लावू नये, कारण आत हायड्रोजन वायू तयार होतो. वरून फडके बांधून बरणी हवेशीर जागी, विस्तवापासून दूर ठेवावी. दहा ते पंधरा दिवसांत पाणी आधी हिरवट आणि मग, हवा लागेल तसे, विटकरी होते. गाळून घेतल्यावर ते वापरण्यास तयार समजावे.

दुसरा प्रकार कलमकारीचा आणि राजस्थानातील बगरूच्या छिप्यांचा, म्हणजे कापडावर ठसे छापणाऱ्या कारागिरांचा. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ विरघळवून त्यात गंजलेले लोखंड बुडवून ठेवायचे आणि दोन ते तीन आठवडे आंबू द्यायचे. आंबण्यातून निघालेली आम्ले लोखंड हळूहळू विरघळवतात. या पाण्याला वास येतो, त्यावर साय धरते आणि घरातली माणसे तक्रार करतात, परंतु कापडासाठी हेच पाणी मला सर्वांत भरवशाचे वाटते.

तिसरा प्रकार हिराकशीचा. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हे फिकट हिरव्या खड्यांच्या रूपात रसायनांच्या दुकानात मिळते. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस हे प्रमाण पुरेसे आहे. यात थांबावे लागत नाही आणि प्रमाण दरवेळी तंतोतंत सारखे ठेवता येते. मात्र या क्रियेत गंधकाम्ल मोकळे होते आणि ते कागदातच राहते. व्हिनेगरच्या पाण्यातून सुटणारे आम्ल उडून जाणारे असल्यामुळे ते कागदाला कमी त्रास देते. म्हणून सरावासाठी हिराकस आणि ठेवणीच्या कामासाठी व्हिनेगरचे पाणी, असा माझा नियम आहे. हिराकस पोटात गेल्यास विषारी ठरते. ती मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये, हातमोजे घालूनच हाताळावी आणि या कामाची भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत.

नमुन्याची पट्टी रंगवल्याशिवाय चित्राला हात घालू नये

कागद शक्यतो सुती लगद्याचा, २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) किंवा त्याहून जाड आणि खळ दिलेला असावा. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतात तसे कागद या कामाला चांगले चालतात. कागदाला खळ कमी असेल तर रेषा पसरते. अशा वेळी तांदळाच्या पेजेचा एक पातळ हात देऊन, कागद सुकल्यावर गुळगुळीत दगडाने किंवा काचेच्या पेल्याच्या बुडाने घोटून घ्यावा. कलमकारीत कापड हिरड्याबरोबर म्हशीच्या दुधात बुडवतात, त्यामागे रेषा पसरू नये हाच हेतू असतो. कागदावर मात्र दूध वापरू नये. दमट हवेत त्याला वास येतो आणि किडे आमंत्रण मिळाल्यासारखे येतात.

रुंद कुंचल्याने काढ्याचा पहिला हात आडवा द्यावा, सावलीत सुकू द्यावा आणि दुसरा हात उभा द्यावा. उन्हात सुकवल्यास कडा आधी वाळतात, काढा तिकडे ओढला जातो आणि पुढे तिथे काळा पट्टा उमटतो. दोन हातांनंतर कागदाला जुन्या पोथीसारखी पिवळट झाक येते. ती आवडत नसेल तर काढा अर्धा पातळ करून एकच हात द्यावा. काळा रंग तितका गडद होणार नाही, पण कागद उजळ राहील.

आता लोखंडाच्या पाण्याच्या चार वाट्या मांडाव्यात. पहिल्या वाटीत मूळ पाणी, दुसरीत १ भागाला १ भाग साधे पाणी, तिसरीत १ भागाला ४ भाग आणि चौथीत १ भागाला १६ भाग. हिरडा पाजलेल्या कागदाच्या पट्टीवर प्रत्येकाचा एकेक चौकोन भरावा आणि त्याखाली प्रमाण लिहावे. चौकोन भरताच राखाडी होतात, काही मिनिटांत गडद होतात आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक पायरी खाली उतरतात. याचे कारण असे, की विरघळलेले लोखंड टॅनिनशी मिळाल्यावर जो पदार्थ होतो तो आरंभी फिकट आणि विद्राव्य असतो. हवेतील प्राणवायू लागल्यावर त्याचे काळ्या, अविद्राव्य पदार्थात रूपांतर होते. म्हणजे चित्र काढताना डोळ्यांना जे दिसते ते अंतिम नसते. जलरंगाची सवय असलेल्याला हे उलटे वाटते, कारण जलरंग सुकल्यावर फिका पडतो आणि हा रंग सुकल्यावर चढतो. पट्टी काढून चोवीस तास थांबण्याचा आग्रह मी एवढ्यासाठीच धरतो.

पट्टीवर चौकोनाच्या कडेला तपकिरी, गंजासारखे वलय दिसले तर लोखंड जास्त झाले आणि टॅनिन कमी पडले असे समजावे. उपाय दोन आहेत: लोखंडाचे पाणी पातळ करणे किंवा कागदाला काढ्याचा आणखी एक हात देणे. सगळा चौकोनच काळा न होता तपकिरी राहिला तर बहुधा काढा पातळ झालेला असतो किंवा हिराकशीचे खडे जुने, पिवळे पडलेले असतात.

रेखाटन

रेषेसाठी बोरू किंवा बांबूची कलम घ्यावी. धातूच्या टाकाने लिहिता येते, पण काम होताच तो धुऊन पुसावा लागतो. फाउंटन पेनात हे पाणी चुकूनही भरू नये. बोरूची रेषा आरंभी दिसतच नाही आणि मग हाताच्या मागून काळी होत येते. नवशिक्याचा हात इथे थांबतो, तो मागे वळून पाहतो आणि लय मोडते. म्हणून पेन्सिलीने अगदी हलकी आखणी करून ठेवावी आणि एकदा सुरुवात केल्यावर पुढेच बघावे.

छायेसाठी पातळ पाणी आधी आणि घट्ट पाणी नंतर असा क्रम ठेवावा. ओल्या कागदावर लोखंडाचा थेंब सोडला तर तो धुरासारखा पसरतो आणि पावसाळी आभाळासाठी यासारखे दुसरे साधन मला माहीत नाही. एकाच जागी कुंचला घासू नये. ओला टॅनिनचा थर वर येतो आणि काळे कण सुटून डाग मळकट दिसतो. आणखी एक युक्ती अशी, की संपूर्ण कागदाला काढा न देता केवळ विशिष्ट आकारांनाच तो द्यावा आणि मग सगळ्या कागदावरून लोखंडाच्या पातळ पाण्याचा रुंद हात फिरवावा. काढा जिथे असेल तिथेच चित्र उमटते. लग्नपत्रिकेवरचे नाव पाहुण्यांसमोर असे उमटवून दाखवण्याचा प्रयोग एका ओळखीच्या घरी केला होता. सुती कागदावर नावे सुरेख उमटली आणि करवल्यांच्या साड्यांवर दोन थेंबही तितकेच सुरेख उमटले. अशा ठिकाणी लिंबू जवळ ठेवावे.

लिंबाने उजेड काढणे

लिंबातील आम्ल लोखंडाला टॅनिनपासून ओढून आपल्याशी बांधते आणि काळा रंग उतरतो. ताज्या लिंबाचा रस दोनदा गाळून वापरता येतो, परंतु प्रमाण सारखे राहावे म्हणून ५० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) विरघळवून घेतलेले बरे. कागद पूर्ण सुकल्यावर, शक्य तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी, स्वच्छ कुंचल्याने हे पाणी लावावे. ताजा काळा रंग झपाट्याने उतरतो, मुरलेला रंग हट्टी होतो. रंग उतरला की लगेच टीपकागदाने टिपावे, साध्या पाण्याचा कुंचला फिरवून पुन्हा टिपावे आणि हे दोन-तीनदा करावे. आळस करून हे धुणे टाळले तर आम्ल कागदात पुढे सरकत राहते आणि आठवड्याने शेजारच्या रेषाही पुसट झालेल्या आढळतात.

या पायरीमुळे चित्र काढण्याचा विचारच बदलतो. सबंध कागद आधी काळा करून मग त्यातून फांद्या, पक्ष्यांचे थवे, पाण्यावरची तिरीप, अक्षरे असे सगळे उजेडाने काढता येते. वारलीचित्रातील गेरूच्या भिंतीवरच्या तांदळाच्या पिठाच्या रेषेशी याचे दिसायला साम्य आहे, परंतु इथे वर काही चढवलेले नसते. जे होते ते काढून घेतलेले असते, म्हणून रेषेला जाडी नसते आणि ती कधी पोपडा होऊन निघत नाही. चाळणीच्या जाळीवरून लिंबाचे पाणी दात घासण्याच्या ब्रशने उडवले तर चांदणे मिळते. नक्षी कापलेला पुठ्ठा ठेवून त्यावरून अर्धवट पिळलेला स्पंज टिपला तर पुस्तकाच्या अस्तरासाठी सुंदर कागद तयार होतात.

काळ्याच्या जोडीला पिवळा आणि तांबडा

हिरडा पाजलेल्या कागदावर तुरटीचे पाणी, म्हणजे १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ५ ग्रॅम तुरटी, लावल्यास तिथे काळ्याऐवजी सौम्य पिवळा रंग खुलतो. तांबड्यासाठी गेरू घ्यावा. गेरूही लोखंडच आहे, पण ते न विरघळणाऱ्या ऑक्साइडच्या रूपात असल्यामुळे हिरड्याशी फारसे बोलत नाही आणि तांबडेच राहते. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीतूनही असाच रंग काढता येतो: माती पाण्यात ढवळून अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे वाळू तळाशी बसते, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून ते एक-दोन दिवस निवू द्यावे आणि तळाशी बसलेला मऊ साका सुकवून खलावा. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही तांबड्या-पिवळ्या मातीचे आणि काजळीचे असेच रंग हाताळले होते.

बांधण्यासाठी बाभळीचा डिंक १ भागाला २ भाग पाणी घालून रात्रभर भिजवावा, गाळावा आणि साक्याबरोबर काचेवर खूप वेळ घोटावा. डिंक कतिरा नुसता फुगतो, विरघळत नाही, म्हणून तो इथे निरुपयोगी आहे. धावड्याचा डिंक चालतो, पण त्याची घट्टी फार होते.

ठसे आणि कापड

ठशाने छापायचे असल्यास लोखंडाचे पाणी घट्ट करावे लागते. त्यासाठी चिंचोक्याची खळ वापरावी: १०० मिलिलिटर लोखंडाच्या पाण्यात ४ ते ५ ग्रॅम भाजून सोललेल्या चिंचोक्यांचे पीठ थंड असतानाच गुठळ्या न होऊ देता कालवावे आणि हवेशीर जागी मंद आचेवर, सतत ढवळत, पिठल्याइतके घट्ट करावे. ही खळ आम्ल सहन करते, तांदळाची खळ त्यात लवकर सैल पडते. सुती कापड आधी उकळून त्यातील कांजी काढून टाकावी, हिरड्याच्या काढ्यात बुडवून सुकवावे, मग ठसे मारावेत आणि दोन दिवसांनी भरपूर वाहत्या पाण्यात धुवावे. लोखंडाचा काळा रंग कापडाचा धागा काळाच्या ओघात कमजोर करतो. जुन्या छापील वस्त्रांत काळ्या बाह्यरेषेच्या जागी भोके पडलेली दिसतात ती याचमुळे, म्हणून साडीच्या ताणाच्या जागी, निऱ्यांच्या कडेला, काळ्या रंगाचे मोठे पट्टे देऊ नयेत.

बाटलीतली शाई

ज्यांना शाईच हवी त्यांनी १०० मिलिलिटर काढ्यात ३ ग्रॅम हिराकस आणि ३ ग्रॅम भिजवून गाळलेला डिंक घालून, झाकण सैल ठेवून, दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि वापरण्यापूर्वी ढवळावे. तळाशी साका बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांत शाई फिकी होऊ लागते, म्हणून ती थोडी थोडीच करावी.

टिकाऊपणा

याबाबत गोड बोलण्यात अर्थ नाही. मोडी कागदपत्रांत बहुधा दिसणारी काजळीची शाई कागदाला काहीही करत नाही. लोखंडाची शाई कागद खाऊ शकते. बर्लिनच्या ग्रंथालयातील जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या हस्तलिखितांत शाईने कागद पोखरल्यामुळे मोठ्या दुरुस्तीची वेळ आली होती. दोष दोन असतात: उरलेले आम्ल आणि टॅनिनशी न बांधलेले मोकळे लोखंड. दुसऱ्यावर उपाय म्हणून नेदरलँड्समधील संवर्धकांनी १९९० च्या दशकात धान्याच्या कोंड्यात आढळणाऱ्या फायटिक आम्लाचा कॅल्शियम क्षार वापरण्याची पद्धत विकसित केली. तो मोकळ्या लोखंडाला धरून ठेवतो. घरी मात्र एवढे केले तरी पुष्कळ होते: टॅनिन नेहमी जास्त आणि लोखंड कमी ठेवावे, काम पूर्ण झाल्यावर दोन दिवसांनी कागद ताटात साध्या पाण्याखाली पाच-सात मिनिटे बुडवून उचलावा, आणि सुकल्यावर काळ्या भागांवर काढ्याचा शेवटचा पातळ हात द्यावा. लिंबाने उजळलेल्या जागा या हातातून वगळाव्यात. तिथे लोखंडाचा अंश उरलेला असतो आणि हिरडा मिळताच तो पुन्हा काळा पडतो. चुन्याचे पाणी मारून आम्ल घालवण्याचा सल्ला काही जण देतात, पण चुना जास्त झाल्यास काळा रंग तपकिरीकडे झुकतो, म्हणून मी तो टाळतो.

उरलेले लोखंडाचे पाणी बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर सांडले तर पिवळे डाग पडतात. फरशी सिरॅमिकची असेल तर त्यावर उरलेले लिंबूसत्त्वाचे पाणी ओतून दहा मिनिटांनी घासावे. संगमरवरावर मात्र लिंबू चालत नाही, त्याची चकाकी जाते; तेव्हा तिथे आधीच जुनी वर्तमानपत्रे अंथरून ठेवावीत.